नखांची गोष्ट : हातांची निगा, घरच्या घरी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. वहीवर सह्या चालल्या होत्या. माझ्या लक्षात आलं, की सही करताना जवळजवळ प्रत्येक बाई दुसरा हात पदराखाली घेत होती. कांदा काढणीचे दिवस होते. नखांत माती, बोटांना चिरा, नखाच्या कडेची कातडी सोललेली. तेवढ्यात एका वहिनींनी विचारलं, "ताई, तालुक्याला पार्लरमध्ये ते हाताचं करतात, मॅनिक्युअर, त्याला किती पैसे पडतात? भाच्याचं लग्न आलंय." मी आकडा सांगितला. सगळ्या हसल्या. "म्हणजे दोन दिवसांची मजुरी बोटांवर गेली की!"

एक आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे गं. आम्हाला काय आता त्याचं?" त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आज ही नखांची गोष्ट सांगायला बसले आहे. हाताची निगा पार्लरमधून आली नाही. ती मूळची घरातली आहे आणि पैशांवाचून करता येते. मधल्या काळात ती कुणी करायची आणि कुणी नाही, हे मात्र दुसऱ्यांनी ठरवलं.

'मॅनिक्युअर' या शब्दाला बिचकू नका. लॅटिन भाषेत 'मानुस' म्हणजे हात आणि 'कुरा' म्हणजे काळजी. हाताची काळजी, एवढाच त्याचा अर्थ.

पहिलं काम : नखं कापणं

आपल्याकडे नखं कापण्याचा सल्ला फार जुना आहे. चरकसंहितेत रोजच्या आचरणाचे नियम दिले आहेत. त्यात केस आणि नखं पंधरवड्यातून तीनदा कापावीत असं सांगितलं आहे. म्हणजे साधारण पाच दिवसांनी एकदा. सुश्रुतसंहितेत तर आपल्या कामाची एक गोष्ट आहे. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ चार स्त्रिया असाव्यात, त्या वयाने पोक्त असाव्यात, बाळंतपणाच्या कामात तरबेज असाव्यात आणि त्यांनी नखं कापलेली असावीत, असं तिथे लिहिलं आहे. बघा, सुईणीचा अनुभव जितका महत्त्वाचा, तितकीच तिची कापलेली नखं महत्त्वाची.

ही गोष्ट युरोपातल्या मोठ्या डॉक्टरांना फार उशिरा पटली. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १८४७ साली एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापाने जास्त मरत, सुइणींच्या विभागात कमी. बायका हातापाया पडून सुइणींच्या विभागात जागा मागत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने कारण शोधलं. विद्यार्थी शवांची चिरफाड करून थेट बाळंतिणींकडे येत होते. त्याने सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. क्लोरीनयुक्त चुना म्हणजे आपली ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. हात धुणं सुरू झाल्यावर जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आला. तरीही पुष्कळ डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आपल्या हातांमुळे बाई मरते, हे कबूल करणं त्यांना जड गेलं.

पुढे आपल्याकडे दाईंच्या प्रशिक्षणात 'पाच स्वच्छता' शिकवल्या गेल्या. त्यातली पहिली म्हणजे स्वच्छ हात. हात धुतले तरी वाढलेल्या नखाखालची घाण तशीच राहते. म्हणून स्वयंपाक करणारी, लेकराला भरवणारी, गोठ्यात काम करणारी अशा सगळ्यांच्या हाताच्या निगेची सुरुवात नखं कापण्यापासून होते. त्यानंतर रंगरंगोटी.

नखं कापायची कशाने? आपल्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री आणि नखं काढायची नराणी असायची. जुन्या बायकांना ती नराणी आठवत असेल. खटकन दाबायचं नेलकटर हे अमेरिकेतून आलं. नखं छाटायच्या अवजाराचं पेटंट तिथे १८७५ साली व्हॅलेंटाइन फोगर्टी यांनी घेतलं आणि १८८१ साली यूजीन हाइम व सेलेस्टिन मॅट्झ यांनी चिमट्यासारख्या रचनेचं पेटंट घेतलं. आज ते जत्रेतल्या दुकानातही मिळतं.

मात्र एक नेलकटर सगळ्या घरात फिरवू नका. एकाच्या नखाची बुरशी दुसऱ्याला लागते. फिरवावंच लागलं तर मधे साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यात ठेवून, कोरडं करून घ्या. ब्लेडने नखं काढायची सवयही सोडा. ब्लेड निसटलं की नखुरडं ठरलेलं.

दुसरं काम : नखाच्या मुळाची कातडी

आता पार्लरची गोष्ट. मेरी कॉब नावाची एक अमेरिकन बाई फ्रान्समध्ये नखांची निगा शिकली आणि १८७८ साली तिने न्यू यॉर्क शहरात नखांचं दुकान काढलं. आज आपण ज्याला मॅनिक्युअर म्हणतो, त्याची तिथली सुरुवात एका बाईच्या धंद्यातून झाली. हात कोमट पाण्यात भिजवणं, नखं घासून गोल करणं, कातडी मागे सारणं, ही सगळी कामं आपल्या न्हाणीघरातल्या सामानात होतील अशीच आहेत.

नखाच्या मुळाशी एक पातळ कातडी असते. पुष्कळ ठिकाणी ती कापून टाकतात. ती कापायची नसते. ती नखाचं दार आहे. शेण, माती आणि साबणाचं पाणी आत जाऊ नये म्हणून निसर्गाने ते लावलेलं आहे. दार काढलं की जंतू आत शिरतात, बोट सुजतं आणि ठणकतं. अमेरिकेत १९११ साली नॉर्थम वॉरन यांनी ही कातडी न कापता मऊ करणारं औषध विकायला काढलं. त्याचं नाव क्युटेक्स. 'कातडी कापू नका' हेच त्यांच्या जाहिरातींचं म्हणणं होतं. त्यांनी बाटलीत भरून जे विकलं, ते काम आपल्याकडे कोमट पाणी आणि खोबरेल तेल करतं. दहा मिनिटं हात भिजले की ही कातडी मऊ होते. मग ओल्या सुती फडक्याने ती हलकेच मागे सारायची, बस्स.

तिसरं काम : रंग

रंगाच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. इजिप्तमधल्या काही जुन्या ममींच्या केसांवर आणि नखांवर मेंदीचा रंग सापडला आहे. आपल्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी पोरी मेंदीचा पाला आणायच्या, पाट्यावर वाटायच्या, त्यात काथ आणि लिंबू घालायच्या. तळहातावर मधोमध एक मोठा ठिपका आणि बोटांच्या टोकांना मेंदीची टोपणं. नक्षीचे कोन नंतर आले. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य कातडीतल्या आणि नखातल्या प्रथिनाला घट्ट धरतं. कातडीवरचा रंग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, कारण वरची कातडी झडते. नखावरचा रंग मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो.

गौरीच्या दिवसांत आपण तेरडा आणतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' अशी आपली म्हण आहे. दूर कोरिया देशातल्या बायका हाच तेरडा नखांना लावतात. फुलं-पानं तुरटीबरोबर कुटायची, नखावर ठेवायची, वरून पान गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी नखं केशरी झालेली असतात. तो रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर मनातलं प्रेम जमतं, असं तिथल्या पोरी मानतात. आपल्याकडे तीन दिवसांचा म्हणून ज्याची म्हण झाली, तो तिकडे महिनोन्‌महिने टिकतो!

बाटलीतली नेलपॉलिश शंभरेक वर्षांची. तिच्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून ते बनवतात. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांना जो चकचकीत रंग देत, त्यातही तेच होतं. १९३२ साली अमेरिकेत दोन भाऊ आणि एक रसायनांचा जाणकार यांनी रेव्हलॉन कंपनी काढली, ती फक्त नखांच्या दाट रंगावर. आपल्या देशात टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली. हे नाव म्हणजे 'लक्ष्मी'चं फ्रेंच रूप. परदेशातून सौंदर्यप्रसाधनं आणण्यात पैसा बाहेर जात होता, तो थांबावा हा त्यामागचा विचार होता.

रंग लावायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. 'पाच मिनिटांत काळी मेंदी' म्हणून जी विकतात, तिच्या वाटेला जाऊ नका. खरी मेंदी काळी नसते. तिच्यात केस काळे करायचं रसायन मिसळलेलं असू शकतं आणि त्याने फोड येतात. आमच्याच गटातल्या एका पोरीच्या मनगटावर जत्रेतल्या अशा मेंदीची नक्षी फोडांच्या रूपात महिनाभर उमटून राहिली होती. दुसरी गोष्ट, नेलपॉलिश लावताना खिडकी उघडी ठेवा आणि दवाखान्यात जाण्याआधी ती काढून टाका. नखांचा मूळ रंग डॉक्टरांना बरंच काही सांगतो. नखं पांढरट फिकी पडली, चमच्यासारखी खोलगट झाली, तर अंगात रक्त कमी असण्याची शक्यता असते. अशा वेळी रंगाने झाकू नका. आशाताईंना दाखवा, आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा.

हात कुणी सजवायचे?

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येते.

नखं हे नेहमी माणसाची पायरी दाखवण्याचं साधन होतं. चीनच्या राजदरबारात बड्या घरच्या बायका करंगळीची नखं बोटाएवढी वाढवत आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांना सोन्याचांदीच्या टोप्या घालत. राजमाता त्सूशी हिचे १९०३-०४ च्या सुमाराचे फोटो आहेत, त्यात त्या लांब टोप्या स्पष्ट दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच, की या हाताला काम करावं लागत नाही. आपण हात पदराखाली घेतो तेव्हा तोच हिशोब आपण स्वतःला लावत असतो. कामाचा हात म्हणजे कमी प्रतीचा हात. हा हिशोब राजवाड्यातल्यांनी मांडलेला आहे. आपण तो का पाळायचा?

आपल्याकडे आणखी एक हिशोब होता. नवरा असेपर्यंत बांगड्या, मेंदी, कुंकू. तो गेला की सगळं उतरवायचं. काही जातींत तर विधवेचं केशवपन करत. ज्या न्हाव्याच्या धोकटीत नराणी होती, त्याच धोकटीतला वस्तरा त्या कामाला वापरला जाई. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी समाजाने विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला.

त्यानंतर बराच काळ गेला. २०२२ साली, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे महिन्यात ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आमच्या गावात बंद, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाने केलेला ठराव बाकीच्या गावांनाही करता येतो.

पण ठराव कागदावर होतो आणि हात घरात असतो. "आम्हाला काय आता त्याचं" हे वाक्य आक्कांना कुणी शिकवलं नाही, ते आजूबाजूच्या नजरांनी शिकवलं. ते पुसायचं काम सरकार करू शकत नाही. ते शेजारणी करू शकतात.

एका नखावर उभा राहिलेला धंदा

आणखी एक गोष्ट सांगते, कारण आपण बचत गटाच्या बाया आहोत. १९७५ साली व्हिएतनाममधलं युद्ध संपलं आणि हजारो लोक देश सोडून अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियातल्या 'होप व्हिलेज' नावाच्या छावणीत टिपी हेड्रन ही सिनेनटी मदतीला जायची. या बायकांनी काहीतरी काम शिकावं म्हणून तिने शिवण शिकवणारे आणले, टायपिंग शिकवणारे आणले. पण बायकांचं लक्ष तिच्या नखांवर. तेव्हा तिने आपली नखं करणारी बाईच छावणीत बोलावली. वीस बायका शिकल्या, परवाना मिळवला, कामाला लागल्या. त्यांनी आपल्या बहिणींना शिकवलं, भावजयांना शिकवलं. आज अमेरिकेत नखांचं काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक मूळचे व्हिएतनामी आहेत. भाषा येत नव्हती, भांडवल नव्हतं, पण हाताला काम शिकवणारी एक बाई मिळाली आणि शिकलेलीने पुढे शिकवलं. या धंद्यात रसायनांच्या वासाने त्रासही पुष्कळ जणींना झाला, हेही सांगायला हवं. म्हणून कुणाला हे काम पुढे करायचं असेल तर खेळती हवा आणि तोंडावर मास्क या गोष्टी आधीच ठरवून ठेवा.

शनिवारी संध्याकाळी हे करून बघा

आता नेमकं काय करायचं ते सांगते. नवीन काही विकत आणू नका. घमेलं किंवा पसरट पातेलं, कोमट पाणी, चिमूटभर मीठ, शाम्पूचे चार थेंब, जुना दातांचा ब्रश, सुती फडकं, चमचाभर साखर, खोबरेल किंवा तिळाचं तेल, एवढं सामान पुरे.

आधी जुना रंग असेल तर काढा. नखं कोरडी असतानाच कापा. फार खोल कापू नका, बोटाच्या टोकाबरोबर ठेवा. कोपऱ्यात कात्री घालू नका. नखं घासायची पट्टी असेल तर एकाच दिशेने घासा, मागेपुढे घासलं की नखाचे पापुद्रे सुटतात.

मग दहा मिनिटं हात पाण्यात. त्या दहा मिनिटांत कुणी पाणी मागितलं, चहा मागितला, तर ज्याचं त्याने घ्यावं. ब्रशने नखांखालची माती हलक्या हाताने काढा. टाचणी किंवा सुई घालून उकरू नका, त्याने नख बोटापासून सुटतं. फडक्याने मुळाची कातडी मागे सारा. साखर आणि तेल एकत्र करून हाताच्या पाठीवर, बोटांच्या पेरांवर दोन मिनिटं चोळा आणि धुवा. कांद्याचे किंवा केळफुलाचे डाग असतील तर लिंबाची पिळलेली फोड नखांवर फिरवा. पण बोटाला चीर असेल तर लिंबू लावू नका, झोंबेल. सगळ्यात शेवटी तेल. नखाच्या मुळाशी एक-एक थेंब घेऊन चोळा. रात्री झोपताना तेल जास्त लावून जुने सुती मोजे हातात घातले, तर आठ दिवसांत चिरा भरून येऊ लागतात.

ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी पाणी फार गरम घेऊ नये आणि एखादी जखम झाली तर अंगावर काढू नये. नख जाड, पिवळं, ठिसूळ झालं असेल किंवा बोट ठणकत असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, दवाखाना गाठा.

आमच्या गटाने हे गेल्या शनिवारी केलं. अंगणात तीन घमेली मांडली आणि आळीपाळीने हात बुडवले. हप्त्याचा हिशोबही तिथेच झाला. आक्का आधी नुसत्या बघत बसल्या होत्या. मग वहिनींनी त्यांना काही न विचारता त्यांचा हात घमेल्यात ठेवला. आक्कांनी तो मागे घेतला नाही. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "या हातांनी पंचवीस वर्षं ऊस तोडलाय. यांना आज पहिल्यांदा कुणी गरम पाण्यात ठेवलं."

शेवटी मेंदीचा विषय निघाला. कुणीतरी वाटी पुढे केली. आक्कांनी फक्त करंगळीच्या नखाला लावून घेतली. म्हणाल्या, "बाकीच्यांचं पुढच्या शनिवारी बघू."

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी आक्का असेल. शनिवारी तिच्या घरावरून जा आणि तिला घेऊनच या. घमेलं कुणाचंही चालेल.

पुन्हा भेटू. नमस्कार.